दवाखान्यातले आपले कागद कसे मागायचे, पैसे किती द्यायचे: सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

सोलापुरात उपचाराला येणारा प्रत्येक जण सोलापूरचाच असतो असं नाही. पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, सांगोला आहेतच, शिवाय तुळजापूर, उमरगा, इंडी, आळंद, अफझलपूरकडचेही लोक इथेच येतात. डिस्चार्ज घेऊन गावी पोचल्यावर विम्याचं पत्र येतं, नाहीतर पुण्याचा डॉक्टर विचारतो, "आधीचे कागद कुठायत?" मग कागदासाठी पुन्हा एसटीचं भाडं, दिवसाची मजुरी बुडवणं, आणि खिडकीवर उत्तर मिळतं, "साहेब नाहीत, सोमवारी या." अशांचे अर्ज लिहून देताना जे प्रश्न सतत कानावर येतात, ते इथे घेतले आहेत.

फाईल तर दवाखान्याची. ती मागायचा आम्हाला हक्क कुठून आला?

मूळ फाईल सांभाळणं हे दवाखान्याचं काम, ती तिथेच राहते. तिची नक्कल मात्र तुम्हाला मिळायलाच हवी. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रघुनाथ रहेजा यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं: रुग्णाच्या केस पेपरची नक्कल रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकांना देताना डॉक्टर किंवा दवाखाना गोपनीयतेची सबब सांगू शकत नाही, नक्कल काढण्याचा नेहमीचा खर्च तेवढा घेऊ शकतो.

त्यानंतर भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची आचारसंहिता आली. भरती रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायचे आणि मागणी आली की ७२ तासांत द्यायचे, असं ती सांगते. हे न करणं हे तिच्यात डॉक्टरचं गैरवर्तन मानलं आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली, तिच्यातही हा हक्क आहे. महाराष्ट्रात २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि खासगी दवाखान्यांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. पुढच्या वेळी काउंटरवर उभे राहाल तेव्हा ती भिंतीवर कुठे आहे ते बघा. बऱ्याच ठिकाणी ती कुंडीमागे सापडते.

"तो ७२ तासांचा नियम आता रद्द झाला," असं आम्हाला सांगितलं.

अर्धवट माहिती आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये डॉक्टरांसाठी नवी नियमावली काढली होती, पण त्याच महिन्यात ती स्थगित केली आणि २००२ चेच नियम पुन्हा लागू केले.

७२ तास कधीपासून मोजायचे?

तुमचा अर्ज दवाखान्याला मिळाल्यापासून. आणि इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. तोंडी मागणी झाली की ती कधी झाली, कुणाकडे झाली, याचा काहीच पुरावा राहत नाही. चार वेळा चकरा मारल्या तरी कागदोपत्री तुम्ही एकदाही काही मागितलेलं नसतं. म्हणून अर्ज लेखी द्या, दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर तारीख, वेळ, शिक्का, सही घ्या. "शिक्का मारायचा अधिकार मला नाही" असं काउंटरवरचा मुलगा म्हणाला तर त्याच्याशी भांडू नका. त्याला तसंच सांगायला लावलेलं असतं. तोच अर्ज स्पीड पोस्टाने दवाखान्याच्या पत्त्यावर, व्यवस्थापकाच्या नावे पाठवा आणि पावती जपून ठेवा. दवाखान्याचा ई-मेल असेल तर त्यावरही टाका.

रुग्ण अजून भरती असेल तर डिस्चार्जपर्यंत थांबायची गरज नाही. भरती असताना शक्यतो २४ तासांत कागद दाखवावेत किंवा नक्कल द्यावी, असं मानवी हक्क आयोगाची सनद म्हणते. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं असेल तेव्हा हे फार उपयोगी पडतं.

अर्जात काय लिहायचं? वकील लागतो का?

वकील कशाला? साध्या वहीच्या कागदावर मराठीत लिहिलं तरी चालतं. नमुना असा:

"प्रति, व्यवस्थापक / वैद्यकीय अधीक्षक. विषय: भरती काळातील संपूर्ण वैद्यकीय कागदपत्रांच्या प्रती मिळणेबाबत. मी (रुग्णाचं नाव, वय), आपल्या रुग्णालयात (तारीख) ते (तारीख) भरती होतो/होते. आयपीडी (भरतीचा) क्रमांक (…). माझ्या संपूर्ण इनडोअर केस पेपरच्या साक्षांकित प्रती, तपासण्यांचे अहवाल व डिस्चार्ज समरी भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार ७२ तासांत मिळाव्यात. नक्कल काढण्याचा वाजवी खर्च पावती घेऊन भरण्यास मी तयार आहे. सही, मोबाईल क्रमांक, तारीख."

एवढं पुरे. कारण विचारलं तर "स्वतःजवळ ठेवण्यासाठी" हे पूर्ण उत्तर आहे. अर्जात तक्रार मिसळू नका. उपचार चुकले, बिल जास्त लावलं, सिस्टर नीट बोलल्या नाहीत, हे सगळं खरं असलं तरी त्याचा कागद वेगळा. अर्जात ते आलं की फाईल आधी वकिलाकडे जाते आणि तुमच्याकडे नंतर.

डिस्चार्ज कार्ड मिळालं आहे. आणखी काय मागायचं?

डिस्चार्ज कार्ड म्हणजे डॉक्टरने शेवटी लिहिलेला गोषवारा. खरा तपशील आतल्या कागदांत असतो. भरती होतानाची नोंद, रोजच्या राउंडच्या नोंदी, सिस्टरांचा चार्ट (ताप, नाडी, बीपी, लघवीचं प्रमाण), औषधं कधी नि किती दिली त्याचा तक्ता, आयसीयूचा चार्ट, ऑपरेशन नोट, भूलतज्ज्ञाची नोंद, रक्त चढवलं असेल तर पिशवीची नोंद, तुम्ही सही केलेली संमतीपत्रं: हे सगळं मिळून "इनडोअर केस पेपर" होतात. विमा कंपनीच्या पत्रात "आयसीपी सादर करा" असं लिहिलेलं असतं, ते हेच.

स्टेंट, गुडघ्याचा सांधा, रॉड, डोळ्यातली लेन्स असं काही बसवलं असेल तर त्याच्या पाकिटावरचं स्टिकर फाईलमध्ये चिकटवलेलं असतं. कंपनी, मॉडेल, बॅच क्रमांक त्यावरच असतो. ते पान नक्की मागा. पाच वर्षांनी सांधा ढिला झाला तर पुढचा सर्जन पहिल्यांदा तेच विचारतो.

सीटी आणि एमआरआयच्या बाबतीत फिल्मवर समाधान मानू नका, सीडी किंवा पेनड्राइव्हवर मूळ चित्रं मागा. फिल्मवर निवडक चित्रं असतात. सीडीत सगळी येतात आणि पुढच्या डॉक्टरला मोठी करून बघता येतात. ती हातात असली तर तोच एमआरआय पुन्हा काढायचे काही हजार रुपये वाचू शकतात.

एक्स-रे, रक्त-लघवीचे रिपोर्ट, सोनोग्राफी यांचे तुम्ही वेगळे पैसे भरले असतील तर मूळ प्रतच मागा, झेरॉक्स नको.

पैसे किती द्यायचे? आमच्याकडे सरसकट हजार रुपये मागितले.

पैसे नक्कल काढण्याचे, माहितीचे नाहीत. उच्च न्यायालयाच्या निकालातून आणि मानवी हक्क आयोगाच्या सनदेतून हाच अर्थ निघतो. सनद तर पुढे जाऊन म्हणते की झेरॉक्सचं योग्य शुल्क घ्या, नाहीतर रुग्णाला स्वतःच्या खर्चाने झेरॉक्स काढू द्या. म्हणजे "आमचं मशीन बंद आहे" या उत्तराला तिथेच उत्तर आहे: माणूस सोबत द्या, समोरच्या दुकानातून काढून आणू.

खासगी दवाखान्यासाठी पानामागे अमुक रुपये असा आकडा या सनदेत किंवा २००२ च्या नियमांत लिहिलेला नाही, आणि त्याचाच फायदा घेतला जातो. मग मोजायचं कशाने? सरकार माहिती अधिकारात पानाला २ रुपये घेते. ८० पानांची फाईल धरली तर १६० रुपये. एखाद्या दवाखान्याने पानाला ५ रुपये लावले तरी ४०० होतात. हुज्जत घालायची की नाही ते तुम्ही ठरवा, मी एवढ्यासाठी घालणार नाही. पण पानं न मोजता "फाईल शोधायचे", "प्रोसेसिंगचे", "साहेबांच्या सहीचे" म्हणून सरसकट रक्कम सांगितली तर दोन गोष्टी करा. दरपत्रक दाखवा म्हणा, आणि भरलेल्या रकमेची पावती मागा. ज्या रकमेची पावती द्यायची वेळ येते ती रक्कम बऱ्याचदा जागच्या जागी उतरते.

ज्यांचा रोज विड्या वळण्यावर किंवा टॉवेलच्या कारखान्यावर चालतो, त्यांना हजार रुपये सांगणं म्हणजे नाही म्हणण्याचीच एक पद्धत आहे. कागद नाकारले असं कुठेही लिहावं लागत नाही, माणूस आपणच परत जातो.

एक मात्र लक्षात घ्या. विम्याचा फॉर्म डॉक्टरकडून भरून घेणं, प्रवासासाठी किंवा नोकरीसाठी दाखला लिहून घेणं हे वेगळं काम आहे, त्याचं शुल्क डॉक्टर घेऊ शकतो. नकलेच्या पैशांशी त्याची गल्लत करू नका.

बिलाचे पैसे बाकी आहेत. त्यासाठी कागद अडवता येतात का?

२००२ च्या नियमावलीत अशी सूट कुठेही दिलेली नाही. बिलाची वसुली करायला दवाखान्याला कायद्याचे दुसरे मार्ग आहेत. बिलाच्या वादावरून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही, असंही सनद सांगते. डॉक्टरांचा सल्ला नसताना, "स्वतःच्या जबाबदारीवर" सही करून रुग्णाला हलवलं असेल तरी त्या दिवसापर्यंतचे कागद मिळायला हवेत. उलट तेव्हाच ते सगळ्यात जास्त लागतात.

सिव्हिलमध्ये कसं मागायचं?

सिव्हिल म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं सर्वोपचार रुग्णालय. आधी साधा अर्ज वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे द्या. फाईल मेडिकल रेकॉर्ड विभागात असते. भरतीची तारीख आणि आयपीडी क्रमांक माहीत असेल तर काम लवकर होतं. नुसतं नाव सांगून शोधायला लावलं तर त्या गठ्ठ्यांतून फाईल काढणाऱ्याचीही दया येते.

दाद लागली नाही तर सरकारी दवाखान्यात माहिती अधिकार आहेच. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जनमाहिती अधिकाऱ्याला अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर फी माफ, कार्डाची प्रत जोडा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. मुदत ३० दिवसांची, पण माहिती एखाद्याच्या जीविताशी निगडित असेल तर ४८ तासांची. रुग्ण गंभीर असेल आणि दुसरीकडे हलवायचा असेल तर हे वाक्य अर्जात ठळक लिहा. उत्तर नाही आलं तर तिथल्याच वरिष्ठांकडे पहिलं अपील, मग राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं.

खासगी दवाखान्यात महात्मा फुले जनआरोग्य योजनेखाली उपचार झाले असतील तर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाला, गाठा. दाव्यासाठी कागद ऑनलाइन चढवलेले असतात, त्यामुळे "फाईल सापडत नाही" हे तिथे सहसा टिकत नाही.

कॅन्सरचा पेशंट आहे, मुंबईला न्यायचा आहे. काय काय सोबत घ्यायचं?

या प्रश्नाला थोडं सविस्तर उत्तर देतो, कारण इथे एक चकर वाया गेली की नुसते पैसे जात नाहीत, उपचाराचे दिवस जातात.

गाठीचा तुकडा तपासायला काढतात (बायोप्सी), तेव्हा तो मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवतात. त्याला ब्लॉक म्हणतात. त्या ब्लॉकचे पातळ काप काचपट्टीवर घेऊन, रंग देऊन तपासतात, त्या स्लाइड. रिपोर्ट म्हणजे त्या स्लाइडबद्दल एका डॉक्टरचं मत. टाटासारख्या मोठ्या रुग्णालयात त्या मतावर न थांबता स्लाइड आणि ब्लॉक पुन्हा तपासतात. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडून सकाळी परळला पोचलेला माणूस फक्त रिपोर्ट घेऊन गेला असेल तर त्याला ब्लॉक आणायला परत सोलापूरला पाठवतात, नाहीतर बायोप्सी पुन्हा करतात.

म्हणून निघायच्या आधी ज्या लॅबमध्ये तपासणी झाली तिथे लेखी अर्ज देऊन ब्लॉक आणि स्लाइड मागा. बायोप्सी दवाखान्यात झाली असली तरी तपासणी बाहेरच्या लॅबमध्ये झालेली असू शकते. रिपोर्टच्या डोक्यावर कुणाचं नाव आहे ते बघा. लॅबवाले पोच लिहून घेतात आणि काम झाल्यावर परत आणा म्हणतात. ते रास्त आहे, कारण ब्लॉकची झेरॉक्स निघत नाही. ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण आहे, आणि एप्रिल-मे मधलं सोलापूरचं ऊन कुणाला सांगायला नको. केमो किंवा रेडिएशन आधी झालं असेल, बार्शीला म्हणा किंवा इथे, तर कुठलं औषध, किती मात्रा, किती वेळा, याचा तक्ता वेगळा मागून घ्या.

रुग्णाऐवजी दुसरं कोण मागू शकतं?

रुग्णाने लिहून दिलेला कुणीही. दोन ओळींचं अधिकारपत्र आणि दोघांच्या ओळखपत्राची प्रत बास. अठराच्या आतल्या मुलांसाठी आई-वडील. रुग्ण बेशुद्ध असेल तर जवळचा नातेवाईक, ज्याने संमतीपत्रावर सही केली तो. रुग्ण वारला असेल तर वारस: मृत्यूचा दाखला आणि नातं दाखवणारा कागद, रेशन कार्ड वगैरे जोडा.

सज्ञान बाईचे कागद नवरा किंवा सासरे तिच्या सहीशिवाय मागायला आले तर दवाखान्याने नाही म्हणणं योग्यच आहे. मालकाने कामगाराचे मागितले तरी तेच.

मानसिक आजाराच्या उपचाराचे कागद मिळतात का?

हो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २५ प्रमाणे रुग्णाला आपल्या मूलभूत नोंदी मागता येतात. एखादी माहिती वाचून रुग्णाला गंभीर मानसिक इजा होईल किंवा दुसऱ्याला धोका होईल असं वाटलं तर डॉक्टर तेवढीच माहिती राखून ठेवू शकतो.

अपघाताची पोलीस केस झाली आहे.

उपचाराचे कागद तुम्हाला मिळतातच. "एमएलसी (पोलीस केस) आहे म्हणून देता येत नाही" हे कारण नव्हे, फार तर मूळ कागद पोलिसांनी नेले असतील, तेव्हा दवाखान्याने आपल्याकडची प्रत द्यावी. शवविच्छेदनाचा अहवाल मात्र सहसा पोलीस ठाण्यामार्फत घ्यावा लागतो.

कागद मागितले की डॉक्टर रागावतात. पुढचे उपचार बिघडले तर?

ही भीती खरी आहे, तिला हसू नये. कागद मागणारा म्हणजे केस करणारा, असं बऱ्याच दवाखान्यांनी धरलेलं असतं. यावर उपाय म्हणजे आधीच, गोड बोलून मागणं. भरती होतानाच सांगून ठेवा, "डॉक्टरसाहेब, विम्याला लागतात, जाताना सगळ्या कागदांचा एक सेट द्या." डिस्चार्जच्या दिवशी फाईल टेबलावर असते, बिल भरायचं असतं, माणसं जागेवर असतात. महिनाभराने तीच फाईल गोदामात जाते. शहरातले अनेक डॉक्टर काही न मागता पूर्ण सेट देतात, हेही सांगितलं पाहिजे.

अर्ज देऊनही देत नाहीत. तक्रार कुठे?

आधी दवाखान्याच्या व्यवस्थापकाला एक स्मरणपत्र. मग नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे: शहरात सोलापूर महापालिकेचा आरोग्य विभाग, ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयात चौकशी करा. २०२१ च्या नियमांनुसार रुग्णांच्या तक्रारींसाठी कक्ष आणि टोल-फ्री क्रमांक ठेवायचा आहे आणि तो क्रमांक दवाखान्यात लावायचा आहे. माझ्या मते सर्वात लवकर हलतं ते इथेच, कारण दवाखान्याचं नोंदणीपत्र याच टेबलावरून निघतं.

डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते, पण ती एमबीबीएस आणि त्यापुढच्या ॲलोपॅथी डॉक्टरांसाठी. बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टरांच्या परिषदा वेगळ्या आहेत, म्हणून लेटरहेडवरची पदवी आणि नोंदणी क्रमांक बघून तक्रार पाठवा. कौन्सिलकडून लगेच कागद हातात पडतील या आशेवर राहू नका.

पैसे देऊन उपचार घेतले असतील तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कागद न देणं ही सेवेतली त्रुटी, असं ग्राहक आयोगांनी अनेकदा मानलं आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. मुदत २ वर्षांची. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ते दवाखाने यात येत नाहीत.

पाच वर्षांपूर्वीचे कागद हवे आहेत.

३ वर्षांनंतर ते जपून ठेवायची सक्ती या नियमावलीत नाही. तरी विचारा, पुष्कळ ठिकाणी असतात. कोर्टात काही चालू असेल तर आजच लेखी कळवा, म्हणजे ते नष्ट करता येणार नाहीत.

आभा कार्ड काढलं की हे सगळं आपोआप मिळतं ना?

नाही. आभा हा सरकारच्या डिजिटल आरोग्य नोंदींच्या यंत्रणेतला १४ अंकी क्रमांक आहे, मोफत निघतो, आणि आयुष्मान कार्डापेक्षा वेगळा आहे. दवाखाना त्या यंत्रणेला जोडलेला असेल आणि त्याने तुमचे रिपोर्ट क्रमांकाशी जोडले तरच ते मोबाईलवर दिसतात. काढून ठेवा, पण त्याच्या भरवशावर कागद मागायचे सोडू नका.

ओपीडीच्या चिठ्ठ्यांचं काय?

३ वर्षांचा नियम भरती रुग्णांच्या नोंदींसाठी आहे. ओपीडीत बहुतेक ठिकाणी चिठ्ठी तुमच्याच हातात देतात आणि दवाखान्यात फारसं काही उरत नाही, तेव्हा ती तुम्हीच सांभाळायची. विम्याला किंवा दुसऱ्या डॉक्टरला मूळ कागद देण्याआधी झेरॉक्स काढा. ईसीजीची पट्टी बहुधा थर्मल कागदावर असते आणि काही महिन्यांत पुसट होते, तिची झेरॉक्स त्याच दिवशी काढा. जपून राहावी म्हणून तिला लॅमिनेशन मात्र करू नका, उष्णतेने ती अख्खी काळी पडते.